रजिस्टरमध्ये नसलेला रकाना : गडचिरोलीची ‘सर्च’ आणि बायकांची दुखणी

पळसपान

माझी आई एएनएम होती, गावाच्या भाषेत नर्सबाई. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर तिची नोकरी झाली. मागच्या महिन्यात नागपूरचं घर आवरताना तिच्या सहा वह्या सापडल्या. सरकारी रजिस्टर भरायच्या आधी ती त्यांत कच्ची नोंद करायची. रकाने हाताने आखलेले: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती, नसबंदी, तांबी, निरोध, धनुर्वाताचं इंजेक्शन. मार्च महिन्याच्या पानांवर लाल पेनाने ‘अजून ४’, ‘अजून २’. ३१ मार्चच्या आत नसबंदीच्या केसेस पुऱ्या झाल्या नाहीत तर वरून बोलणी बसायची. आमच्याकडे होळीची पुरणपोळी व्हायची, पण आईचं चित्त त्या दोन केसेसमध्ये.

वह्या चाळता चाळता तिला विचारलं, “बायका आपणहून तुला काय सांगायच्या गं?”

“धुपणी. कंबर धरते. लघवीला आग होते. कोणाकोणाचं अंग बाहेर येते.”

“मग हे कुठंच कसं लिहिलेलं नाही?”

“कुठं लिहू? रकानाच नव्हता.”

(शहरातल्या मंडळींसाठी: धुपणी म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं.)

तेव्हापासून डोक्यात गडचिरोली घोळतंय. आई लाल पेनाने ‘अजून २’ लिहीत होती त्याच वर्षांत शेजारच्या जिल्ह्यात कोणीतरी हा रकाना आखला.

राणी बंग चंद्रपूरच्या, अभय बंग वर्ध्याचे. दोघं नागपूरला डॉक्टर झाले, १९८४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ या आरोग्य संस्थेचं काम सुरू केलं. जिल्हाच तेव्हा चार वर्षांचा. तेंदूपत्त्याचं एक गोदाम झाडूनपुसून तिथे काम मांडलं. आणि पहिला विषय घेतला सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार! रक्त तपासलं, आजार सापडला, सरकारदरबारी दखलही घेतली गेली. पण गावाला त्यात काही घेणंदेणं नव्हतं. तो डॉक्टरांचा प्रश्न होता, गावाचा नव्हता. अभय बंगांनी पुढे ही फजिती स्वतःच कितीतरी भाषणांत सांगितली आहे. संस्थेच्या सगळ्या यशापेक्षा मला ही फजिती जास्त आवडते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं असं मला वाटतं.

दुसरा विषय बायकांच्या तोंडून आला. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. तपासायला येणाऱ्या बायका ताप-खोकल्याचं निमित्त करायच्या आणि उठता उठता खरं दुखणं सांगायच्या. तेव्हा जगभर गरीब देशांतली बाई म्हणजे एक तर गरोदर, नाहीतर नसबंदीची उमेदवार. या दोन्हींच्या मधल्या बाईला काय होतं याचा गावपातळीवरचा अभ्यासच नव्हता. दवाखान्यात आलेल्या बायका मोजलेल्या होत्या. न आलेल्या कोण मोजणार?

मग वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. १३ वर्षांवरच्या ६५० मुली-बायका, तक्रार असो वा नसो, सगळ्यांची तपासणी: आतून तपासणी, रक्त, लघवी, स्रावाची काचपट्टी. कल्पना करा, १९८६ साल, खेडं, आणि बायकांनी आतून तपासू दिलं. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी १९८९ मध्ये आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या बायका किती? ८ टक्के.

हे दोन आकडे, ९२ आणि ८, मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “यात नवीन काय आहे?”

पुढचं थोडक्यात. बायकांनी विचारलं, बाळंतपणात काय करायचं ते आमच्या सुइणींना शिकवा. सुइणी शिकल्या. लेकरं न्यूमोनियाने जातात म्हटल्यावर गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि गोळ्या द्यायला शिकवलं. जन्मल्या जन्मल्या जाणारी बाळं उरली, तेव्हा ३९ गावांत एकेक बाई निवडून तिला घरोघर जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिला नाव मिळालं आरोग्यदूत. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधला आकडा: शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. मधल्या काळात दारूचा प्रश्नही बायकांनीच लावून धरला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

दवाखान्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी. आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? ते म्हणाले, मोठ्या इमारतीत भीती वाटते, नातेवाइकांना आत घेत नाहीत, आणि तुमचे लोक पांढऱ्या कपड्यांत हिंडतात. पांढरं तर आम्ही मढ्यावर घालतो. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीत दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि नाव ठेवलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

माझा प्रश्न असा. संस्था मोठी झाली, मान्य. तो रकाना मात्र पुढे कुठे गेला? तुमच्या भागातले अनुभव, दुसऱ्या संस्थांची कामं, असहमती, सगळं लिहा.

नुसताच_वाचक

आईंना नमस्कार सांगा. वाचतोय.

गावठी_गणित

लेख आवडला, पण ९२ टक्के या आकड्याला जरा धक्का देऊन बघतो. गावं दोन, तीही एकाच जिल्ह्यातली. यावरून ‘ग्रामीण भारतीय स्त्री’ असं म्हणणं किती बरोबर? शिवाय ‘काही ना काही आजार’ या पिशवीत काय काय कोंबलंय त्यावर टक्का ठरतो. पाळीत पोट दुखणं मोजलं, सौम्य दाह मोजला, तर शहरातल्या सोसायटीतही ९० टक्के निघतील. मी संस्थेच्या विरोधात नाही. एकच आकडा तीस-पस्तीस वर्षं भाषणांत फिरत राहिला की मला खाज सुटते, इतकंच.

डॉ_टाके

गणितराव, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. तुमची शंका रास्त आहे. पांढरं जाणं प्रत्येक वेळी रोग नसतो हे मीही रोज दहा जणींना सांगते. पण त्या अभ्यासात नुसतं विचारून टक्का काढलेला नाही, तपासून काढलाय, आणि आजारांमध्ये मोठा वाटा जंतुसंसर्गांचा होता. माझ्या दृष्टीने त्याहून बोलका आकडा वेगळा आहे. तपासलेल्यांपैकी ५५ टक्के बायकांनी तक्रार सांगितली, बाकीच्यांना काही तक्रारच नव्हती. म्हणजे कितीतरी जणींना आजार होता आणि त्याला त्या आजार म्हणत नव्हत्या. माझ्याकडे आजही बाई येते ती ‘तसं काही नाही’ने सुरुवात करते. ‘तसं काही नाही, पण जरा खाज आहे.’ किती दिवसांपासून? ‘थोरली झाली तेव्हापासून.’ थोरली आता बारावीला.

आणि दोन गावांबद्दल: त्याआधी शून्य गावं होती हो.

गावठी_गणित

शून्य गावांचा मुद्दा मान्य. चहा माझ्याकडून.

गिरगावकर_आजी

पळसपान, छान लिहिलंस. पण लोक ‘तळागाळातली संस्था’ म्हणून सर्चचं नाव घेतात तेव्हा मला थोडं अडखळायला होतं. डॉक्टरांनी काढलेली, संशोधनावर उभी संस्था ती. काम मोठंच आहे, प्रश्न नाही. बायकांच्या शरीरावरच्या हक्काची लढाई मात्र दुसऱ्या वाटेनेही चालू होती आणि ती वाट रस्त्यावरून जात होती.

१९८५ च्या सुमाराला मुंबईत गर्भलिंगचिकित्सेविरोधी मंच उभा राहिला. त्यात डॉक्टर होते, वकील होते, आणि आमच्यासारख्या शाळेत शिकवून संध्याकाळी मीटिंगला पळणाऱ्या बायका होत्या. ‘आज पाचशे खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा’ छापाच्या जाहिरातींचा तो काळ. गर्भजल परीक्षा मुळात आली होती गर्भातले दोष शोधायला, आणि वापर झाला मुली शोधायला. ऑफिस नाही, पगारी माणूस नाही. कोणाच्या तरी घरी भेटायचं, पोस्टर रंगवायची, क्लिनिकसमोर उभं राहायचं. लोक म्हणायचे, मुलगी नको असणं हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. मग १९९४ चा केंद्राचा कायदा, तो लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. कायदा कागदावरच राहतोय म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यानंतर २००३ ची दुरुस्ती आली. एवढं सगळं होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. हा आकडा लिहिताना अजून हात जड होतो.

‘मासूम’चं नाव आलंच आहे तर सांगते. १९८७ पासून पुरंदर तालुक्यात, माळशिरसच्या बाजूला त्यांचं काम. मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी गावात राहायला गेले. गावातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आरसा घेऊन स्वतःचं शरीर बघायला शिकल्या, मग इतरींना तपासायला. नवरा टाकून गेलेली, सातवी शिकलेली बाई स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायचं साधन, हातात धरते, ही माझ्या मते दोन्ही वाटा जिथे मिळतात ती जागा.

पळसपान

आजी, ‘डॉक्टरांची संस्था’ हा आक्षेप मान्य करते. पण मला एक सांगा, पुरंदरची कार्यकर्ती स्पेक्युलम धरते आणि गडचिरोलीची आरोग्यदूत सुई धरते, यात फरक किती? त्या इंजेक्शनवरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. अर्धशिक्षित बाई बाळाला सुई मारणार म्हणून.

गिरगावकर_आजी

फरक आहे बाळा. सुई बाळासाठी धरली. स्पेक्युलम स्वतःसाठी.

डॉ_टाके

आजींनी नेमकं बोट ठेवलं. मी हेच लिहायला आले होते, थोडं लांबेल.

सर्चने नव्वदच्या दशकापर्यंत दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, गावातली बाई आतून आजारी आहे आणि तिला कोणी विचारत नाही. दोन, गावातलीच बाई शिकवली तर नवजात बाळं वाचतात. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतली मरणारी बाळं १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आली, हा आकडा आम्हाला बालरोगवाले मित्र अजून ऐकवतात. आता बघा, देशाने यातलं काय उचललं? २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्या नवजात बाळाच्या. पहिला शोध आधीचा, तो मागे राहिला.

कागदावर तो आला, नाही असं नाही. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेनंतर जगाची भाषाच बदलली, ‘कुटुंबनियोजन’ मागे पडून ‘प्रजनन आरोग्य’ आलं. भारताने एप्रिल १९९६ मध्ये नसबंदीची लक्ष्यं काढून टाकली (पळसपानच्या आई तोवर निवृत्त झाल्या असतील!). १९९७ च्या सरकारी आरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गांवर उपचार हा भाग होता. पुढे रंगीत किट आली: पांढरं जात असेल तर हिरवं किट, त्यात दोन प्रकारच्या गोळ्या. वापरायला सोपं, स्वस्त. पण बाळाला ताप आला तर घर धावतं. बाईची खाज कोणाला दिसत नाही, ती कोणत्याही आढावा बैठकीत येत नाही. माता मृत्यू मोजतात, अर्भक मृत्यू मोजतात. धुपणीने कोणी मरत नाही, म्हणून मोजत नाहीत.

म्हणजे संस्था वाढली, पण तिची एकच फांदी देशाने कलम करून लावली.

उसाचा_फड

मरत नाही म्हणता डॉक्टर, पण गर्भाची पिशवी जाते.

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील सोळा वर्षं ऊसतोडीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, फडाच्या कडेला पालात राहायचं. एक दिवस कोणी कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. पाळीचे चार दिवस सुट्टी घेतली तर चार खाडे. पालाला न्हाणी नाही, पाणी लांब. मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं, ते पोटुशी असली तरी.

अशात धुपणी सुरू झाली की बाई गावी आल्यावर डॉक्टर गाठते. तिथे ऐकायला मिळतं, ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल.’ माझ्या चुलतीची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. दवाखान्याचं नाव घेत नाही. ऑपरेशनचा खर्च नवीन उचल घेऊन भागवला, म्हणजे पिशवी काढल्याचे पैसे पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडले. आता तिला बेचाळीस. हाडं साठीची.

२०१९ मध्ये बोंब झाली तेव्हा शासनाने समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. गणितराव, ही दोन गावं नाहीत.

पळसपान ताई, तुमच्या आईच्या वहीत रकाना नव्हता. आमच्याकडे तो रकाना खासगी दवाखान्याने भरला. सरकारने विचारलं नाही, तेव्हा ज्याला पैसे मिळत होते त्याने विचारलं.

गावठी_गणित

यावर काही बोलायचं नाही. वाचलं.

काटेकोर

फडभाऊ, एक शंका. बायका स्वतःहूनही काढून घेतात असं ऐकलंय. ‘पाळीची कटकट नको’ म्हणून. मग सगळा दोष डॉक्टरवर कसा?

उसाचा_फड

हो, काही जणी स्वतःहून जातात. चार दिवसांचे चार खाडे आणि न्हाणी नसलेलं पाल दिलं तर तुम्ही काय निवडाल ते सांगा, मग पुढे बोलू.

डॉ_टाके

माझ्याच व्यवसायाबद्दल लिहायला जड जातं, पण लिहिते. कॅन्सरची भीती घालून सत्ताविशीतल्या बाईची पिशवी काढण्याला शास्त्राचा आधार नाही. उलट गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेवर कसा हुडकायचा याचा जगातला एक मोठा पुरावा फडभाऊंच्या शेजारच्याच उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून आला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची) तपासणी केली तरी त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आमच्या दाराशी हा पुरावा, आणि आम्ही पिशव्या काढत बसलो.

पाळीचा त्रास असेल तर पिशवी काढण्याआधी गोळ्या आहेत, तांबीसारखंच पण हार्मोन सोडणारं साधन आहे. संसर्ग असेल तर तो बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते. नवरे येत नाहीत. ‘तिला झालंय, मला कशाला गोळी?’

काटेकोर

गिरगावकर आजींना एक प्रश्न आहे. तुम्ही मुलींच्या गर्भपाताविरुद्ध लढलात. आणि बाईच्या शरीरावर बाईचा हक्क असंही म्हणता. म्हणजे स्त्रीभ्रूणहत्या वाईट आणि बाकीचा गर्भपात हक्क? हे मला कधी जुळवता आलं नाही. खोडसाळपणे विचारत नाही.

गिरगावकर_आजी

खोडसाळपणे विचारलंस तरी उत्तर दिलं असतं. या प्रश्नावर आमच्या मीटिंगा मध्यरात्रीपर्यंत चालल्या आहेत, शेवटची लोकल चुकली आहे.

पहिली गोष्ट तुझ्या शब्दाची. ‘भ्रूणहत्या’ म्हटलं की गर्भपात म्हणजे खून असं आपणच कबूल करतो. आमच्या सुरुवातीच्या काळात हा शब्द आम्हीही बिनदिक्कत वापरला, घोषणांना तो फार सोयीचा होता. पुढे तोच उलटला. एसटी स्टँडपासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे ‘भ्रूणहत्या महापाप’ रंगवलं गेलं आणि खेड्यातल्या बाईला वाटायला लागलं की गर्भपातावरच बंदी आहे. गर्भपात तर १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर मान्य आहे! म्हणून नंतर आम्ही ‘गर्भलिंगनिवड’ म्हणायला लागलो. विरोध निवडीला आहे. मुलगी आहे हे कळल्यावर घरचे जो ‘निर्णय’ घेतात, त्यात बाईचा हक्क कितीसा असतो ते तूच बघ. दिवस नको असलेली बाई आणि मुलगी नको असलेलं घर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमारेषेवर कुठेतरी त्या एकमेकींत मिसळतात, हेही खरं. तिथे माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची मला धास्ती वाटते.

डॉ_टाके

आजींना दुजोरा, कामाच्या खुर्चीवरून. गर्भलिंगाच्या कायद्याची तपासणी कडक झाली की सगळ्यात आधी काय होतं? सोनोग्राफीच्या फॉर्म एफ मधली चूक मशीन सील व्हायला पुरते, म्हणून आमच्यातले बरेच जण तीन महिन्यांपुढचा गर्भपातच करायचं सोडून देतात. झंझट नको. औषधांची दुकानं गर्भपाताच्या गोळ्या ठेवायचं बंद करतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तो हक्क आहे असं सांगितलं. पण आमच्या तालुक्यात कॉलेजातली मुलगी दोन दवाखान्यांतून परत पाठवली गेली, ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून. सज्ञान बाईला कायद्याने तिची स्वतःचीच संमती पुरते, कोणाच्याही सहीची गरज नाही. मुलगी एकोणीस वर्षांची. तिसरीकडे मी होते म्हणून ठीक.

नुसताच_वाचक

माझी मुलगी एकोणीसची आहे. हा धागा तिला पाठवतोय. तिच्या आईलाही.

आशा_ताई_धानोरा

नमस्कार. मी मोबाईलवरून लिहिते, चुका माफ करा. मी गडचिरोली जिल्ह्यातलीच आशा आहे, शोधग्राम आमच्या तालुक्याकडंच आहे. माझी सासू आधी सुईण होती. तिचं कात्री-दोऱ्याचं पाकीट अजून आमच्या घरी आहे, आता त्यात रेशनकार्ड ठेवते.

डॉक्टर मॅडम म्हणतात ते बरोबर आहे जी. आमच्या रजिस्टरमध्ये आता रकान्यांची कमी नाही. दवाखान्यात बाळंत झाली तर सहा भेटी, घरी झाली तर पहिल्या दिवसाची धरून सात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळीसावा दिवस. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध पिते का, डोळे, नाळ. आईलाही विचारतो, रक्त जास्त जाते का, घाण वास येते का. पण बेचाळीसाव्या दिवशी पान भरते. त्रेचाळीसाव्या दिवशी तिला धुपणी सुरू झाली तर ती माझ्या कागदात नाही.

सांगायचं तर बायका मला सांगतात. विहिरीवर सांगतात, मोहफुलं वेचताना सांगतात. आमच्या काही गावांत अजून कुर्माघर आहे, पाळीत बाई तिथं राहते. तिथं तर सगळं बोलणं निघते, कारण तिथं पुरुष येत नाही. मी पाळीची असली की मीही तिथंच राहते, काहून लपवू. बाहेरचे लोक म्हणतात बंद करा, खरं आहे, साप-विंचू आहे, पावसात गळते. पण माझ्या कामाच्या अर्ध्या गोष्टी मला तिथंच कळल्या.

दोन वर्षांपासून मी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं लिहिते. नाव नाही लिहित, फक्त खूण करते. धुपणीला टिंब, अंग बाहेर येते तिला आडवी रेघ. आतापर्यंत टिंबं एकतीस झाली, रेघा सात. कोणाला दाखवली नाहीत. सुपरव्हायझर मॅडम म्हणतील, हे कोणी सांगितलं होतं?

पळसपान

ताई, तुमची टिंबं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, “त्या सात जणी डोक्यावर पाणी आणतात का?”

आशा_ताई_धानोरा

आईंना नमस्कार. हो, सातही जणी आणतात. त्यातली एक सत्तर वर्षांची आहे, ती सरपणही आणते.

डॉ_टाके

आशाताई, तुमच्या आरोग्य केंद्रात हिरवं किट मिळतं का? आणि रेघांपैकी कोणाचं अंग आडवं पडल्यावरसुद्धा बाहेरच राहतं, लघवी अडते, असं आहे का? त्यांना आधी दाखवावं लागेल. काहींना ऑपरेशनशिवाय आत बसवायची रबराची रिंगही चालते, ती महाग नसते. टिंबांवाल्यांमध्ये खालून रक्त जाणारी किंवा संबंधानंतर रक्त दिसणारी कोणी असेल तर तिला वेगळी खूण करा, तिची तपासणी पहिली.

आशा_ताई_धानोरा

किट मागच्या पावसाळ्यात होतं, मग संपलं. फार्मासिस्ट भाऊ म्हणाले मागणी केली तर येते, पण मागणी कोणी करत नाही. आता मी किती लिहू, एकतीस का?

लघवी अडते अशी एक आहे. रक्ताचं विचारून सांगते. लेडी डॉक्टर मॅडम महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, दुपारी दोनपर्यंत. गाडी सकाळी एकच आहे, साडेसातची. सातही जणींना एकदम नेलं तर गाव विचारेल, म्हणून दोघी दोघी नेते. या मंगळवारी ती लघवीवाली आणि सत्तर वर्षांची आजी.

डॉ_टाके

एकतीस लिहा. मंगळवारी काय म्हणाले ते इथेच कळवा.